मुलाच्या खर्चाचा वाटा किती? विभक्त पालकांसाठी पोटगीचे गणित

जून महिना उजाडला, की शाळेचे शुल्क, बसचे पैसे, गणवेश, वह्या-पुस्तके आणि नवे दप्तर अशी खर्चाची रांगच घराच्या दारात उभी राहते. एका छपराखाली राहणाऱ्या आईवडिलांना ती पार करताना ओढाताण होते, मात्र हा भार कोणाचा, असा प्रश्न तेथे सहसा पडत नाही. आईवडील विभक्त झाले, की तोच खर्च अचानक वादाचा विषय होतो. ‘मी एवढे देतो, आणखी काय द्यायचे?’ असे एकीकडून आणि ‘त्यात शाळेचे शुल्कही भागत नाही’ असे दुसरीकडून ऐकू येते. दोघांनाही आपले म्हणणे मनापासून खरे वाटत असते. मुलाला महिन्याला नेमके किती लागतात, हे मात्र दोघांपैकी कोणीच कागदावर मांडलेले नसते.

पती-पत्नीचे नाते कायद्याने संपुष्टात येऊ शकते. पालकत्व संपत नाही. हे वाक्य आपण अनेकदा ऐकतो. त्याचा पैशाच्या भाषेत अर्थ काय होतो, कायदा त्याबाबत काय सांगतो आणि दोघांनाही न्याय्य वाटेल असा आकडा कसा काढता येतो, याची ही मांडणी.

पत्नीची पोटगी वेगळी, मुलाची वेगळी

सर्वांत आधी एक गल्लत दूर करायला हवी. बोलीभाषेत ‘पोटगी’ हा एकच शब्द आपण पत्नीच्या आणि मुलाच्या निर्वाहासाठी वापरतो. कायद्याच्या दृष्टीने हे दोन स्वतंत्र हक्क आहेत. पत्नी कमावती असल्यामुळे किंवा अन्य कारणाने तिला स्वतःसाठी पोटगी नाकारली गेली, तरी मुलाचा हक्क त्यामुळे बाधित होत नाही. आईवडिलांच्या भांडणात चूक कोणाची होती, याच्याशी मुलाच्या ताटाचा संबंध नाही.

याच तत्त्वातून आणखी एक गोष्ट निघते. परस्परसंमतीने घटस्फोट घेताना काही वेळा आई ‘मला काही नको, मुलासाठीही काही मागणार नाही’ असे लिहून देते. ताबा बिनविरोध मिळावा किंवा प्रकरण एकदाचे मिटावे, हा त्यामागचा हेतू असतो. परंतु जो हक्क मुलाचा आहे, तो आईला परस्पर सोडून देता येत नाही. अशा लेखी माघारीनंतरही मुलाच्या वतीने निर्वाहखर्च मागता येतो.

कोणत्या कायद्याचा आधार?

फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ मधील कलम १२५ हा अनेक दशके या विषयाचा मुख्य आधार होता. १ जुलै २०२४ पासून तिची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ ने घेतली असून तीच तरतूद आता कलम १४४ मध्ये आहे. हे कलम सर्व धर्मीयांना लागू आहे. पुरेसे साधन असूनही जी व्यक्ती स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या अल्पवयीन अपत्याकडे दुर्लक्ष करते, तिला दरमहा रक्कम देण्याचा आदेश न्यायदंडाधिकारी देऊ शकतात. जेथे कुटुंब न्यायालय आहे तेथे हा अधिकार त्या न्यायालयाकडे असतो. अपत्य औरस आहे की अनौरस, असा भेद येथे केला जात नाही. आईवडिलांचा घटस्फोट झालेला असण्याचीही अट नाही.

१९७३ च्या संहितेत सुरुवातीला दरमहा ५०० रुपयांची कमाल मर्यादा होती. महागाई कितीही वाढली, तरी न्यायालयाचे हात त्या आकड्याशी बांधलेले होते. २००१ च्या दुरुस्तीने ही मर्यादा काढून टाकली आणि अंतरिम निर्वाहखर्चाची सोयही केली. नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत अंतरिम अर्ज निकालात काढावा, अशी अपेक्षा कायद्यात नोंदलेली आहे.

हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम २६ खाली घटस्फोटाच्या प्रकरणातच मुलांचा ताबा, निर्वाह व शिक्षण यांविषयी आदेश मिळू शकतात आणि परिस्थितीनुसार ते पुढे बदलूनही घेता येतात. विशेष विवाह कायद्यात, पारशी विवाह कायद्यात व ख्रिस्ती समाजाला लागू असलेल्या घटस्फोट कायद्यातही अशाच तरतुदी आहेत. मुस्लिम पित्याची मुलांच्या निर्वाहाची जबाबदारी केवळ दोन वर्षांपुरती नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये स्पष्ट केले. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदाही पीडित महिलेसोबत तिच्या मुलांसाठी आर्थिक साहाय्य देतो. नियोक्त्याने पगारातील काही भाग थेट तिला द्यावा, असा आदेशही त्याखाली काढता येतो.

हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ येथे विशेष उल्लेखनीय ठरतो. या कायद्याच्या कलम २० नुसार अल्पवयीन अपत्याच्या निर्वाहाची जबाबदारी वडिलांवर आणि आईवर, दोघांवरही आहे. ‘निर्वाह’ या शब्दाची व्याख्याही तेथे दिली आहे. अन्न, वस्त्र, निवारा, शिक्षण आणि वैद्यकीय उपचार हे सारे त्यात येते. म्हणजे मुलाचा खर्च हा केवळ जेवणखाणाचा खर्च नव्हे.

एकाहून अधिक कायद्यांखाली अर्ज करण्यास मनाई नाही. मात्र आधीच्या आदेशाची माहिती पुढच्या न्यायालयाला देणे बंधनकारक आहे. आधी मंजूर झालेली रक्कम नंतरच्या आदेशात जमेस धरली जाते. एकाच खर्चासाठी दोनदा वसुली होऊ नये, हा त्यामागचा उद्देश.

आकडा ठरवण्याचे सूत्र आहे का?

ब्रिटनमध्ये यासाठी ठरलेले टक्के आहेत. मूल ज्याच्याकडे राहत नाही, त्या पालकाच्या आठवड्याच्या ढोबळ उत्पन्नातील पहिल्या ८०० पौंडांवर एका मुलासाठी १२ टक्के, दोघांसाठी १६ टक्के आणि तीन किंवा अधिक मुलांसाठी १९ टक्के असा मूळ दर आहे. मूल वर्षातून ५२ किंवा अधिक रात्री त्या पालकाकडे राहत असेल, तर टप्प्याटप्प्याने सूट मिळते. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत आईवडिलांचे उत्पन्न एकत्र धरून, एकत्र कुटुंबात मुलावर जेवढा खर्च झाला असता तेवढी रक्कम तक्त्यावरून काढतात आणि ती दोघांच्या उत्पन्नाच्या प्रमाणात वाटतात.

आपल्याकडे असा तक्ता नाही. प्रत्येक प्रकरण त्याच्या परिस्थितीनुसार ठरवावे, ही आपल्या न्यायालयांची भूमिका आहे. तिचा फायदा असा, की गरजेनुसार आदेश देता येतो. तोटा असा, की सारख्या परिस्थितीतील दोन मुलांना दोन न्यायालयांतून बरेच वेगळे आकडे मिळू शकतात.

तरीही आपण पूर्णपणे अंधारात नाही. तीन निकालांतून विचाराची दिशा मिळते. २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आईवडील दोघेही कमावते असलेल्या एका प्रकरणात दोन मुलांसाठी प्रत्येकी ३,००० रुपये दरमहा खर्च धरला आणि तो वडील व आई यांनी पगाराच्या प्रमाणात, २:१ असा उचलावा, असे ठरवले. २००४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने कुटुंबाचे उत्पन्न हा एक केक समजून त्याचे वाटे करण्याची पद्धत सुचवली. कमावण्यासाठी पतीला जादा खर्च येतो म्हणून त्याला दोन वाटे आणि उरलेल्या प्रत्येक सदस्याला एक वाटा, असे ते सूत्र होते.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा निकाल ४ नोव्हेंबर २०२० चा. नागपूरच्या कुटुंब न्यायालयात २०१३ मध्ये सुरू झालेले अंतरिम पोटगीचे प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठामार्गे सर्वोच्च न्यायालयात पोहोचले होते. न्या. इंदू मल्होत्रा आणि न्या. आर. सुभाष रेड्डी यांच्या खंडपीठाने त्या निमित्ताने देशभरातील न्यायालयांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. मुलाच्या खर्चात अन्न, वस्त्र, निवारा, औषधोपचार व शिक्षण यांच्यासोबत जादा शिकवणी वा व्यावसायिक प्रशिक्षणाचाही विचार व्हावा, शिक्षणखर्च सामान्यतः वडिलांनी करावा आणि आई पुरेसे कमावत असेल तर तो दोघांत प्रमाणशीर वाटता येईल, असे त्यात म्हटले आहे. रक्कम अर्जाच्या तारखेपासून द्यावी, हेही या निकालाने निश्चित केले. त्यामुळे तारखा लांबवून पैसे वाचवण्याचा मोह निदान कागदावर तरी निरर्थक ठरला.

उदाहरण मांडून पाहू

तत्त्वे कळली, तरी आकडा कसा निघतो हे उदाहरणाशिवाय उमगत नाही. समजा, पुण्यातील एक जोडपे विभक्त झाले आहे. नऊ वर्षांची मुलगी आईकडे राहते. कर व भविष्यनिर्वाह निधी यांसारख्या सक्तीच्या कपाती वजा जाता वडिलांच्या हातात दरमहा ९०,००० रुपये येतात, तर आईच्या हातात ४५,००० रुपये.

पहिली पायरी मुलीचा खर्च लिहून काढण्याची. वार्षिक खर्चाला बाराने भागून तो महिन्यावर आणायचा. शाळेचे वार्षिक शुल्क ८४,००० म्हणजे दरमहा ७,०००. बस १,८००. पुस्तके, वह्या, गणवेश व बूट वर्षाला १४,४०० म्हणजे दरमहा १,२००. किराणा, दूध, भाजी, फळे यांतील तिचा वाटा ५,०००. ती सोबत असल्यामुळे एक खोली जास्त असलेले घर घ्यावे लागते, त्याचे जादा भाडे ६,०००. वीज, गॅस, इंटरनेट यांतील वाटा १,०००. औषधोपचार व आरोग्यविम्याचा हप्ता १,५००. आई कामावरून येईपर्यंतचे पाळणाघर ३,५००. पोहण्याचा वा तबल्याचा वर्ग १,५००. कपडे, वाढदिवस, सहली १,५००. बेरीज होते ३०,००० रुपये.

या यादीतील दोन नोंदी सहसा विसरल्या जातात. एक घरभाड्यातील वाटा आणि दुसरी पाळणाघर. ‘आई तर त्या घरात राहणारच होती’ किंवा ‘आजी आहे की सांभाळायला’ असे म्हणून त्या उडवल्या जातात. पण मूल नसते तर जो खर्च झालाच नसता, तो मुलाचाच खर्च होय. ही एक कसोटी लावली, तर यादीवरचे अर्धे वाद मिटतात.

दुसरी पायरी वाटणीची. येथे तीन मार्ग संभवतात.

पहिला मार्ग उत्पन्नाच्या प्रमाणाचा. ९०,००० आणि ४५,००० म्हणजे २:१. त्यानुसार वडिलांचा वाटा २०,००० आणि आईचा १०,०००.

दुसरा मार्ग स्वतःच्या किमान निर्वाहानंतर उरणाऱ्या रकमेच्या प्रमाणाचा. प्रत्येकाला स्वतःसाठी किमान ३०,००० लागतात असे धरले, तर वडिलांकडे ६०,००० उरतात आणि आईकडे १५,०००. प्रमाण होते ४:१. वडिलांचा वाटा २४,००० आणि आईचा ६,०००. हा मार्ग पहिल्यापेक्षा अधिक न्याय्य वाटण्याचे कारण असे, की कमी कमावणाऱ्याच्या उत्पन्नाचा मोठा भाग जगण्यातच संपतो. ४५,००० मधून १०,००० काढणे हे ९०,००० मधून २०,००० काढण्याइतके सोपे नसते.

तिसरा मार्ग वाट्यांचा. दोघांचे मिळून १,३५,००० रुपये होतात. वडिलांना दोन, आईला एक आणि मुलीला एक असे चार वाटे केले, तर एक वाटा ३३,७५० रुपयांचा होतो. आई व मुलगी यांचे मिळून ६७,५००. आईकडे स्वतःचे ४५,००० आहेतच, म्हणजे वडिलांकडून २२,५०० यायला हवेत. या मार्गात आईच्या निर्वाहाचाही विचार मिसळलेला आहे, हे मात्र ध्यानात ठेवावे. आईही नोकरीसाठी प्रवास व इतर खर्च करते, मग दोन वाटे वडिलांनाच का, हा प्रश्नही येथे रास्त ठरतो.

तिन्ही मार्गांनी आलेले आकडे पाहा. २०,०००, २४,००० आणि २२,५००. पद्धती वेगळ्या, तरी उत्तरे एका टप्प्यात येतात. वाद खरा तर या चार हजारांच्या अंतराचा आहे. प्रत्यक्षात मात्र एक बाजू ४०,००० मागते, दुसरी ५,००० देऊ करते आणि दोन-तीन वर्षे तारखांत जातात. वकिलांचे शुल्क व बुडालेल्या रजा यांचा हिशेब केला, तर हे अंतर त्याहून लहान निघण्याचा संभव मोठा आहे.

मुलगी वडिलांकडे राहायला जाते तेव्हा

‘शनिवार-रविवार ती माझ्याकडेच असते, मग पूर्ण पैसे का?’ हा वडिलांचा प्रश्न गैर नाही. उत्तर खर्चाच्या स्वरूपात आहे. मुलगी महिन्यातून आठ रात्री वडिलांकडे राहिली, म्हणून शाळेचे शुल्क, घराचे भाडे किंवा विम्याचा हप्ता कमी होत नाही. कमी होतो तो मुख्यतः जेवणखाणाचा खर्च. वरील उदाहरणात ५,००० पैकी आठ दिवसांचे सुमारे १,३०० रुपये. तेवढी वजावट मागणे योग्य ठरेल. रकमेत चौथाई कपात करणे योग्य ठरणार नाही. मूल जवळजवळ निम्मा काळ दोन्ही घरी राहत असेल, तर चित्र बदलते. तेव्हा दोन्ही घरांत तिची खोली, कपडे, अभ्यासाचे टेबल लागते आणि एकूण खर्चच वाढतो. अशा वेळी दोन्ही घरांचा खर्च बेरजेत धरून मगच वाटणी करावी.

पैशाच्या हिशेबात एक गोष्ट कधीच उतरत नाही. रात्री ताप आला, की जागणारे कोण? पालकसभेसाठी अर्धी रजा कोण टाकते? ज्याच्याकडे मूल राहते तो पालक हा वाटा वेळेच्या रूपाने देत असतो आणि त्यापायी बढती वा जादा कामाची संधीही गमावत असतो. केवळ पगाराच्या प्रमाणावर बोट ठेवताना याचे भान सुटू नये.

उत्पन्न लपवले तर?

नोकरदाराचा पगार कळतो. व्यावसायिकाचे उत्पन्न मात्र अर्ज दाखल होताच एकाएकी घटल्याचे दिसते. २०२० च्या निकालाने यावर उपाय म्हणून दोन्ही पक्षांना उत्पन्न, मालमत्ता, देणी व खर्च यांचे सविस्तर प्रतिज्ञापत्र सक्तीचे केले. शेतीवर अवलंबून असणाऱ्यांसाठी त्याचा वेगळा नमुना आहे. प्रतिवादीने ते चार आठवड्यांच्या आत सादर करावे, अशी अपेक्षा आहे. त्यात खोटी माहिती दिल्यास न्यायालयाची दिशाभूल केल्याबद्दल कारवाई होऊ शकते. प्राप्तिकर विवरणपत्रे, बँक खात्यांचे उतारे, वाहने, विमा व गुंतवणुकीचे कागद यांतून राहणीमानाचे खरे चित्र उभे राहते. विवरणपत्रात तुटपुंजे उत्पन्न आणि दारात नवी मोटार, ही विसंगती न्यायालयाच्या नजरेतून सहसा सुटत नाही.

घराच्या कर्जाचा हप्ता, विम्याचे वा ऐच्छिक बचतीचे हप्ते दाखवून ‘हातात काहीच उरत नाही’ असे सांगण्याचा प्रघात आहे. कर व भविष्यनिर्वाह निधी यांसारख्या सक्तीच्या कपातींना न्यायालये जे महत्त्व देतात, ते स्वेच्छेने घेतलेल्या हप्त्यांना सहसा देत नाहीत. नोकरी नाही, एवढे सांगूनही सुटका होत नाही. धडधाकट पतीने शारीरिक श्रम करूनही पत्नी व अल्पवयीन मुलांच्या निर्वाहासाठी कमावले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले आहे.

याला दुसरी बाजूही आहे. आईने स्वतःचे उत्पन्न लपवणे किंवा खर्चाची यादी फुगवणे हेही तितकेच चूक. वृद्ध आईवडिलांची जबाबदारी, स्वतःचे आजारपण या देणाऱ्याच्या अडचणीही खऱ्या असतात आणि न्यायालय त्या विचारात घेते. देणाऱ्याला कफल्लक करणारा आदेश फार काळ पाळला जात नाही आणि त्याची झळ अखेर मुलालाच बसते.

आजची रक्कम उद्या पुरेल?

नऊ वर्षांच्या मुलीचा खर्च चौदाव्या वर्षी तोच राहत नाही. दहावीचे वर्ग, प्रवेशपरीक्षांची तयारी, वाढते शुल्क यांनी ठरलेली रक्कम काही वर्षांत अपुरी पडते. परिस्थिती बदलल्यास रक्कम वाढवण्यासाठी वा कमी करण्यासाठी अर्ज करता येतो. नव्या संहितेत ती तरतूद कलम १४६ मध्ये आहे. पण दर वेळी न्यायालयात जाण्यापेक्षा सहमतीच्या मसुद्यातच वाढीचे कलम घालणे शहाणपणाचे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटस्फोटित पत्नीसाठी दरमहा ५०,००० रुपये ठरवताना दर दोन वर्षांनी ५ टक्के वाढ घातली. ते प्रकरण पत्नीच्या पोटगीचे असले, तरी मुलांच्या बाबतीतही हा विचार उपयोगी आहे. शाळेचे शुल्क मात्र कोणत्याही ठरीव टक्क्याने वाढत नसल्याने ते वेगळे ठेवावे.

यासाठी दोन कप्प्यांची रचना सोयीची ठरते. पहिल्या कप्प्यात जेवण, घर, कपडे यांसाठी दरमहा ठरलेली रक्कम. दुसऱ्यात शाळेचे शुल्क, शस्त्रक्रिया किंवा रुग्णालयाचा खर्च, दातांची तार, मोठी सहल असे अनियमित खर्च. ते पावतीनुसार ठरलेल्या प्रमाणात दोघांनी वाटून घ्यायचे. नवा मोठा खर्च करण्यापूर्वी दुसऱ्या पालकाला कळवण्याची अटही असावी. शाळा बदलून दुप्पट शुल्काची निवडायची आणि नंतर पावती पाठवायची, ही रीत भांडणाला आमंत्रण देणारी आहे.

वय हाही महत्त्वाचा मुद्दा आहे. कलम १४४ खालील हक्क सामान्यतः अपत्य १८ वर्षांचे होईपर्यंत असतो. शारीरिक वा मानसिक व्यंगामुळे ते स्वतःचा निर्वाह करू शकत नसेल, तर तो पुढेही राहतो. स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या अविवाहित हिंदू मुलीला १९५६ च्या कायद्याखाली सज्ञान झाल्यावरही हक्क आहे. मुलगा असो वा मुलगी, पदवीचा मोठा खर्च अठराव्या वर्षानंतरच सुरू होतो. म्हणून सहमती करताना ‘पहिली पदवी पूर्ण होईपर्यंत’ असे शब्द मसुद्यात आवर्जून घालावेत.

पैसे आले नाहीत तर

आदेश हातात असूनही रक्कम येत नाही, हे दुखणे जुनेच आहे. संहितेखालील वसुलीच्या अर्जावर न्यायालय वॉरंट काढू शकते आणि थकबाकीसाठी एक महिन्यापर्यंत कैदही होऊ शकते. कैद भोगली म्हणून थकबाकी माफ होत नाही. ही वसुली रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत मागावी लागते, हे अनेकांना ठाऊक नसते. ‘आज ना उद्या देतील’ म्हणून दोन-तीन वर्षे थांबणाऱ्यांची यात अडचण होते. दिवाणी हुकूमनाम्याप्रमाणे अंमलबजावणी करून पगार जप्त करण्याचा मार्गही आहे. इतर देण्यांच्या तुलनेत निर्वाहाच्या हुकूमनाम्यात पगाराचा मोठा भाग जप्त होऊ शकतो, कारण तेथे केवळ एकतृतीयांश पगारालाच संरक्षण आहे.

देणाऱ्याची नोकरी खरोखरच गेली असेल, तर त्याने पैसे परस्पर थांबवू नयेत. रक्कम कमी करण्यासाठी तत्काळ अर्ज करावा आणि तोवर जमेल तेवढी रक्कम पाठवत राहावे. न थांबलेल्या हप्त्यांतून दिसणारा प्रामाणिकपणा न्यायालयातही मोलाचा ठरतो.

आणखी एक सक्त पथ्य. भेटू देत नाहीत म्हणून पैसे थांबवणे आणि पैसे येत नाहीत म्हणून भेट थांबवणे, ही दोन्ही अस्त्रे चुकीची आहेत. भेटीचा प्रश्न वेगळा, निर्वाहाचा वेगळा आणि दोन्हींसाठी न्यायालयात स्वतंत्र दाद मागता येते. या दोन्ही अस्त्रांचा घाव एकाच ठिकाणी बसतो.

न्यायालयाच्या दारापूर्वी

कुटुंब न्यायालयात विवाह समुपदेशक असतात. ताबा, भेटी व खर्च यांवर त्यांच्यासमोर बसून बोलता येते. मध्यस्थीचाही पर्याय असतो. महिला व मुले यांना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत कायदेशीर साहाय्य मिळू शकते. तेथे जाताना मुलाच्या सहा महिन्यांच्या खर्चाची नोंद, पावत्या आणि स्वतःच्या उत्पन्नाचे कागद सोबत असावेत. रकमेची देवाणघेवाण नेहमी बँकेतून करावी. रोखीने दिलेल्या पैशांचा पुरावा राहत नाही आणि मग ‘दिले’, ‘मिळाले नाहीत’ हा वाद कधीच संपत नाही.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे या हिशेबाचा निरोप्या मुलाला करू नये. ‘बाबांना सांग, शुल्क भरायचे राहिले आहे’ किंवा ‘आईला विचार, मी दिलेल्या पैशांचे काय केले’, ही वाक्ये मोठ्यांना साधी वाटतात. ऐकणाऱ्या मुलाला मात्र त्यातून एवढेच कळते, की आपण कोणाला तरी जड झालो आहोत. वरच्या उदाहरणातील तीस हजारांची यादी आईवडिलांनी एकत्र बसून केली, दोघांनी तिच्यावर सही केली आणि दर वर्षी मे महिन्यात ती पुन्हा तपासली, तर जूनमध्ये शाळेचे शुल्क वेळेवर भरले जाईल. मुलीला त्याचा पत्ताही लागणार नाही. तिला तो लागू नये, हाच या साऱ्या गणिताचा हेतू आहे.